कर्नल अपडेटनंतर लिनक्स सुरू होईना: फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा



पेट झाली, मुलाखत झाली, गाइड मिळाले, की आपल्याला वाटतं आता फक्त विषय आणि वाचन. पण संशोधनातले कितीतरी दिवस अशा कामात जातात जे कोणत्याच अभ्यासक्रमात नसतं. कालपर्यंत नीट चालणारी गोष्ट आज बंद पडते आणि का बंद पडली ते आपल्यालाच शोधावं लागतं. आजचा लेख अशाच एका सकाळीबद्दल आहे.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. मी नांदेडला, विष्णुपुरीत. सकाळी साडेसातला लातूरहून एका ज्युनिअरचा फोन आला. "ताई, कॉम्प्युटर चालूच होईना गेलंय. रात्री अपडेट टाकलं अन् लाईट गेल्ती. आता काळी स्क्रीन अन् इंग्रजीत कायबाय येऊ लागलंय. रूममेट म्हणतोय फॉरमॅट मार."

मी पहिला प्रश्न विचारला, "त्यात असं काय आहे जे दुसरीकडे कुठंच नाही?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "विहिरी."

त्याचा विषय मांजरा खोऱ्यातलं पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते त्याने शाळेत असताना पाहिलेलं. म्हणून हा विषय. मांजरा धरणाचा पाणपसारा तो सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून मोजतो. ती चित्रं पुन्हा डाउनलोड करता येतात, वेळ जाईल इतकंच. पण निलंगा आणि औसा तालुक्यांतल्या विहिरींची पाणीपातळी त्याने मे महिन्यात स्वतः टेप सोडून मोजली होती. मोबाइलवर फॉर्म भरला, फाईल कॉम्प्युटरवर घेतली आणि मोबाइलची जागा भरली म्हणून तिथली काढून टाकली. बॅकअप नाही. आणि पावसाळ्याआधीचा तो मे महिना आता परत येणार नाही. आरएसीपुढे प्रगती अहवाल चार दिवसांवर.

म्हणजे "फॉरमॅट मार" हा सल्ला किती महागात पडला असता ते लक्षात घ्या. लिनक्स अर्ध्या तासात नवीन टाकता येतं. विहिरी नवीन टाकता येत नाहीत.

आधी फोटो, मग हात लावायचा

मी त्याला म्हणाले, "अरे, काहीच दाबू नको. आधी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढ आणि पाठव."

हे सांगायला कारण आहे. लिनक्समध्ये बहुतेक गडबडींची नोंद लॉगमध्ये राहते. पण लॉग लिहिला जातो डिस्कवर. डिस्क जोडली जाण्याआधीच यंत्र थांबलं असेल, तर लिहिणार कुठे? अशा वेळी स्क्रीनवरची अक्षरं हाच एकमेव पुरावा असतो आणि बटन दाबून बंद केलं की तो पुसला जातो. प्रयोगशाळेत काचेची नळी फुटली तर आधी तुकडे कुठे पडलेत ते बघतो, लगेच झाडू मारत नाही. तसंच.

फोटो आला. वरती कर्नल पॅनिक आणि खाली ही ओळ: "व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)".

मराठीत सांगायचं तर कर्नल म्हणतोय, "मी जागा झालो, पण ज्या डिस्कवर पुढची सगळी व्यवस्था आहे ती मला सापडत नाही." कंसातले दोन शून्य सांगतात की रूटची डिस्क कोणती ते त्याला ओळखता आलेलं नाही.

यंत्र सुरू होतं म्हणजे नेमकं काय होतं

पुढचं समजण्यासाठी एक साधी गोष्ट. नांदेडहून लातूरला एसटी निघते: लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. पाहुणा लातूरला पोचला नाही तर आपण काय करतो? गाडी शेवटची कुठल्या स्टँडवर दिसली ते विचारतो. अहमदपूरला दिसली आणि चाकूरला नाही, तर लोह्यात शोधण्यात अर्थ नाही.

लिनक्सचेही असे थांबे आहेत.

पहिला थांबा फर्मवेअर, म्हणजे बायोस किंवा यूईएफआय. मदरबोर्डवरचा हा छोटा प्रोग्राम मेमरी, कीबोर्ड, डिस्क बघतो आणि पुढच्याला हाक मारतो.

दुसरा थांबा ग्रब. हा बूटलोडर. कोणता कर्नल उचलायचा याची यादी त्याच्याकडे असते. तो कर्नलची फाईल आणि तिच्यासोबतची इनिट-रॅम-एफएस नावाची फाईल मेमरीत ठेवतो.

तिसरा थांबा स्वतः कर्नल. यंत्राचे सगळे भाग आणि आपले प्रोग्राम यांच्यामध्ये बसलेला हा कारभारी.

चौथा थांबा इनिट-रॅम-एफएस. इथे बरेच जण अडखळतात म्हणून नीट सांगते. डिस्क वाचायला कर्नलला त्या डिस्कचा ड्रायव्हर लागतो. पण ड्रायव्हर ठेवलेला असतो डिस्कवरच. कपाटाची चावी कपाटातच राहिल्यासारखं झालं. म्हणून गरजेपुरते ड्रायव्हर एका छोट्या फाईलमध्ये बांधून ग्रबच्या हाती दिलेले असतात. ग्रब ती शिदोरी कर्नलला देतो, कर्नल त्यातली चावी काढतो आणि कपाट उघडतो. ही शिदोरी प्रत्येक कर्नलची वेगळी असते. नवा कर्नल आला की नवी बांधावी लागते.

पाचवा थांबा मुख्य फाईल सिस्टिम, जिला रूट म्हणतात. आणि सहावा सिस्टिमडी, जो बाकीच्या सेवा सुरू करून आपल्याला लॉगिनपर्यंत आणतो.

आता फोटोकडे परत बघा. ग्रब येऊन गेला होता. कर्नल बोलत होता, म्हणजे तोही पोचला होता. रूट मात्र उघडलं नव्हतं. गाडी अहमदपूर आणि चाकूरच्या मध्ये कुठेतरी आहे. इतकं कळल्यावर अर्धं काम झालं.

चार गृहीतकं आणि एक चाचणी

त्याचं ठाम मत होतं की लाईट गेल्यामुळे डिस्क खराब झाली. मी म्हणाले, "असेल. पण आधी सगळ्या शक्यता मांडू."

एक, डिस्कच गेली. दोन, डिस्क ठीक आहे पण फाईल सिस्टिम बिघडली. तीन, नवा कर्नल या यंत्राला मानवत नाही. चार, नव्या कर्नलची शिदोरी, म्हणजे इनिट-रॅम-एफएस, नाही किंवा अर्धवट आहे.

आता अशी चाचणी हवी जी या चारांना दोन गटांत तोडेल. ती लिनक्समध्ये आयती मिळते. उबुंटूसारखी वितरणं अपडेट करताना जुना कर्नल लगेच काढत नाहीत, तो शेजारी राहू देतात. जुना कर्नल त्याच डिस्कवरून, त्याच फाईल सिस्टिमवर सुरू होतो. फरक फक्त कर्नल आणि त्याच्या शिदोरीचा. प्रयोगात आपण नियंत्रण गट ठेवतो ना, तोच हा. बाकी सगळं सारखं, एकच गोष्ट बदललेली.

त्याला सांगितलं: यंत्र बंद करून चालू कर. कंपनीचं चिन्ह दिसलं की एस्केप एकदा दाब. जुन्या पद्धतीचं बायोस असेल तर शिफ्ट दाबून धर. ग्रबचा मेन्यू येईल. त्यात "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू" निवड. आत कर्नलची यादी दिसेल. ६.१४ नवा आहे, त्याला हात लावू नको. खालचा ६.११ निवड, रिकव्हरी मोडवाला नको, साधा.

एक मिनिट शांतता. मग फोनवरून उबुंटूचा लॉगिनचा आवाज ऐकू आला आणि त्यामागे याचा. "ताई! आलं की!"

या एका चाचणीने पहिल्या दोन शक्यता जवळपास निकालात निघाल्या. डिस्क गेली असती किंवा फाईल सिस्टिम मोडली असती तर जुना कर्नलही अडकला असता. राहिल्या तिसरी आणि चौथी.

पण पुढे जाण्याआधी मी त्याला थांबवलं. "पेन ड्राइव्ह आहे? आधी विहिरी." विहिरींची फाईल, सगळ्या स्क्रिप्ट, प्रकरणांचे मसुदे पेन ड्राइव्हवर घेतले. विहिरींची फाईल स्वतःला ईमेलही केली. मग पेन ड्राइव्ह काढून रूममेटच्या लॅपटॉपवर फाईल उघडून बघितली. कॉपी झाली म्हणजे उघडते असं नसतं. दुरुस्तीला हात घालायचा तो यानंतर.

पुरावा शोधताना

खालच्या आज्ञा मी फोनवर सांगितल्या तशा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरायची. आडवी रेघ, तिरकी रेघ आणि मोकळी जागा जशी दिसते तशीच ठेवायची.

पहिली आज्ञा: यूनेम -आर

सध्या कोणता कर्नल चालू आहे ते ही सांगते. उत्तर ६.११ ने सुरू होणारं आलं. हे लिहून ठेवायचं, कारण हा कर्नल आता चुकूनही काढायचा नाही.

दुसरी: एलएस -एलएच /बूट

बूट फोल्डरमध्ये काय आहे ते बघायचं. प्रत्येक कर्नलच्या दोन मुख्य फाईली असतात. "व्हीएमलिनझ"ने सुरू होणारी कर्नलची आणि "इनिटआरडी"ने सुरू होणारी शिदोरीची. ६.८ ची जोडी होती. ६.११ च्या दोन आवृत्त्यांच्या दोन्ही जोड्या होत्या. ६.१४ चा फक्त कर्नल होता. शिदोरी नव्हती.

म्हणजे चौथी शक्यता. ग्रबची यादी बनवणारी स्क्रिप्ट कर्नलची फाईल दिसली की नाव लावते, सोबत शिदोरी नसली तरी लावते. ग्रबने नवा कर्नल उचलला, रिकाम्या हाताने पाठवला आणि कपाटासमोर तो अडकला.

"मग मी म्हणलो तेच की," तो म्हणाला. "शिदोरी बांधताना लाईट गेली."

ऐकायला अगदी पटतं. मलाही पटलं होतं. पण "का" याचं उत्तर अजून पुराव्यातून आलेलं नव्हतं, म्हणून तिसरी आज्ञा दिली: डीएफ -एच /बूट

उत्तर: वापर १०० टक्के.

लिनक्स टाकताना त्याने कुठल्यातरी जुन्या व्हिडिओवरून बूटसाठी ५०० एमबीचं वेगळं पार्टिशन केलं होतं. त्या काळात ते पुरायचं. आता एका कर्नलची जोडी मिळून शंभर-दीडशे एमबीपर्यंत सहज जाते. तीन जोड्यांतच डबा भरला. चौथी शिदोरी ठेवायला जागाच नव्हती.

आता दोन आरोपी झाले: लाईट आणि जागा. दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. मग ठरवायचं कसं? वेळेवरून.

उबुंटू प्रत्येक अपडेटच्या वेळी स्क्रीनवर आलेलं सगळं /व्हार/लॉग/एपीटी/टर्म.लॉग या फाईलमध्ये लिहून ठेवतं. व्हार म्हणजे व्ही-ए-आर. तिच्या शेवटी बघितलं तर स्पष्ट लिहिलेलं: "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". त्याखाली शिदोरी बांधणं अयशस्वी झाल्याची ओळ. आणि सगळ्यात खाली "लॉग एंडेड" आणि वेळ, रात्री ९:५२.

मग लाईट कधी गेली? त्याला नीट आठवेना. यंत्राला विचारलं: जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स. यंत्र प्रत्येक वेळी कधी सुरू झालं आणि त्या खेपेची शेवटची नोंद कधीची, हे इथे दिसतं. आदल्या खेपेची शेवटची नोंद १०:३१ ची. पुढे काहीच नाही, नीट बंद केल्याच्या नेहमीच्या ओळीही नाहीत. म्हणजे लाईट गेली ती साडेदहाच्या सुमारास.

अपडेट फसलं ९:५२ ला. लाईट गेली १०:३१ ला. लाईट निर्दोष.

मी विचारलं, "अपडेटच्या वेळी काही एरर आला होता का?" तो जरा थांबून म्हणाला, "आल्ता ताई. एक चौकट आल्ती. मी बंद केली अन् काम करत बसलो."

मग लाईटवर संशय का गेला?

या प्रश्नात खरी मजा आहे, म्हणून यावर थोडं थांबते.

अपडेट झाल्यावर नवा कर्नल लगेच वापरात येत नाही. मेमरीत चालू असलेला जुनाच चालत राहतो. नवा पहिल्यांदा वापरला जातो तो पुढच्या रीस्टार्टला. हा आपला गडी यंत्र कधी बंदच करत नाही, नुसतं स्लीपवर टाकतो. लाईट गेली नसती तर चूक आठवडाभर तशीच झोपून राहिली असती. लाईट गेली, यंत्र बंद पडलं, सकाळी नव्याने सुरू करावं लागलं आणि दडलेली चूक बाहेर आली.

म्हणजे लाईटने बिघाड केला नाही, बिघाड दाखवला. कारण आणि परिणाम यांच्यात एक रात्र गेली होती आणि त्या रात्रीत जी ठळक घटना घडली तिच्या माथी सगळं गेलं. आपल्याकडे तर लाईट जाणं हे सगळ्यात सोयीचं उत्तर. कुणी शंकाही घेत नाही.

हेच संशोधनात रोज होतं. एखाद्या गावात बोअर वाढले आणि विहिरी आटल्या. बोअरमुळे आटल्या का? की त्याच वर्षी पाऊस कमी झाला होता? की विहिरी आधीच खाली जात होत्या आणि बोअर त्यामुळेच घेतले गेले? दोन गोष्टी शेजारी शेजारी घडल्या की मन लगेच दोरी बांधतं. दोरी खरंच आहे का, हे तारखा आणि नोंदीच सांगतात.

आणि चुकीचं कारण धरलं असतं तर काय झालं असतं? त्याने चार-पाच हजारांचा यूपीएस आणला असता. चांगली वस्तू आहे, घ्यावीच. पण पुढच्या कर्नलला हेच पुन्हा झालं असतं.

दुरुस्ती

कारण कळल्यावर दुरुस्ती छोटी होती.

बूट फोल्डरमधल्या फाईली थेट डिलीट करायच्या नाहीत. तसं केलं तर पॅकेज सांभाळणाऱ्या यंत्रणेला वाटतं त्या अजून आहेत, आणि नवा घोळ होतो. सगळ्यात जुना, सध्या चालू नसलेला कर्नल रीतसर काढायचा:

सुडो एपीटी पर्ज लिनक्स-इमेज-६.८... (पुढे त्या आवृत्तीचं पूर्ण नाव, एलएसच्या यादीतलं)

जागा झाली का ते पुन्हा डीएफने बघितलं. झाली होती. मग अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करायला सांगितलं:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

अर्धवट बसलेली पॅकेजं ही आज्ञा पुरी बसवते. शिदोरीही त्यातच बांधली जाते. न बांधली गेल्यास हाताने बांधता येते:

सुडो अपडेट-इनिटरामएफएस -सी -के (नव्या कर्नलचं पूर्ण नाव)

इनिट, रॅम, एफएस हे सलग लिहायचं. शेवटी ग्रबला नवी यादी करायला सांगायचं:

सुडो अपडेट-ग्रब

आणि पुन्हा एलएस. आता ६.१४ ची जोडी पूर्ण दिसत होती. रीस्टार्ट केलं. नवा कर्नल सुरू झाला. यूनेम -आर ने ६.१४ दाखवलं.

प्रत्येक आज्ञेनंतर बघितलं, मग पुढची दिली. शोधताना सापडलेल्या पाच आज्ञा एकदम टाकल्या असत्या तर कदाचित यंत्र सुरूही झालं असतं, पण कशामुळे ते कळलं नसतं. एका वेळी एकच बदल.

तुमच्याकडे वेगळं दिसलं तर

प्रत्येकाची गाडी एकाच ठिकाणी अडकेल असं नाही. थांब्यानुसार थोडक्यात सांगते.

ग्रबचा मेन्यूच येत नाही आणि "ग्रब रेस्क्यू" असं दिसतं: गाडी दुसऱ्याच थांब्यावर अडली. इथे कर्नल अजून आलेलाच नाही, दोष बूटलोडरचा किंवा पार्टिशनचा. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करा, आधी डेटा काढा, मग ग्रब दुरुस्त करा.

कंसात "इनिटरामएफएस" असं लिहून आज्ञेची वाट बघत थांबलं: शिदोरी पोचली, पण रूट उघडलं नाही. बऱ्याचदा वरच्या ओळीत कोणत्या पार्टिशनची तपासणी हाताने करायची ते लिहिलेलं असतं. त्या पार्टिशनवर एफएससीके चालवतात. चालू, म्हणजे जोडलेल्या पार्टिशनवर ते कधीही चालवायचं नाही.

चिन्ह दिसतं आणि मग काळी स्क्रीन: कर्नल बहुधा ठीक आहे, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी तयार झालेला नाही. एनव्हिडियाचं कार्ड असलेल्यांना हा अनुभव जास्त. ग्रबमध्ये त्या कर्नलवर उभं राहून "ई" दाबा, "लिनक्स"ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा आणि एफ-१० दाबा. हा बदल त्या एका खेपेपुरताच असतो, म्हणून चाचणी म्हणून निर्धास्त करता येतो. आत आल्यावर डीकेएमएस स्टेटस ही आज्ञा ड्रायव्हर कोणत्या कर्नलसाठी बांधला गेला ते सांगते.

"बॅड शिम सिग्नेचर": सिक्युअर बूट चालू आहे आणि कर्नलवर त्याला मान्य असलेली सही नाही. वितरणाच्या बाहेरून आणलेला कर्नल टाकला की हे होतं.

जुना कर्नलही सुरू होत नाही: मग अपडेटवर संशय घेणं थांबवा. डिस्ककडे वळा. लाइव्ह पेन ड्राइव्ह, डेटाची कॉपी, त्यानंतर स्मार्टसीटीएलने डिस्कची तब्येत.

आणि खरंच कर्नलचीच चूक असेल तर?

असंही होतं. लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि एकेका आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात. जुनी चालते, नवी चालत नाही. या हजारोंतला दोषी बदल कसा शोधायचा?

एकेक तपासत बसले तर आयुष्य जाईल. ते मधला बदल घेतात आणि कर्नल चालवून बघतात. चालला तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही चालला तर मागच्या अर्ध्यात. उरलेल्याचा पुन्हा मध्य. याला गिट बायसेक्ट म्हणतात. दहा हजार बदल असले तरी चौदा चाचण्यांत दोषी सापडतो, कारण चौदा वेळा दोन घेऊन त्यांचा गुणाकार केला की १६,३८४ होतात. आपण फोनवर चार शक्यतांना एका चाचणीने अर्ध्यात तोडलं, ते याचंच छोटं रूप.

हे आपल्याला कशाला?

कुणी म्हणेल, मी भूगोलाचा, मी रसायनशास्त्राचा, मला लिनक्सशी काय करायचंय? नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक महासंगणक लिनक्सवर चालतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ मध्ये सुरू झालेला प्रत्युषही लिनक्सवरचाच. पाऊस, प्रथिनं, उपग्रह-चित्रं, भाषा, कोणताही मोठा डेटा हाताळायची वेळ आली की आपण नांदेडला असो की लातूरला, काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांसमोर बसावंच लागतं.

म्हणून आजपासून करण्यासारख्या थोड्या गोष्टी. चालणारा एक जुना कर्नल नेहमी ठेवा. बूटचं वेगळं पार्टिशन असेल तर अपडेटआधी डीएफने जागा बघा. नव्याने लिनक्स टाकत असाल तर त्याला एक-दोन जीबी द्या. अपडेटनंतर आलेली चौकट वाचल्याशिवाय बंद करू नका आणि त्याच दिवशी एकदा रीस्टार्ट करून बघा, म्हणजे चूक असली तर तुमच्या सोयीच्या वेळी कळेल. आरएसी, सेमिनार किंवा प्रबंध जमा करायच्या आठवड्यात कर्नल अपडेट नको. लाइव्ह पेन ड्राइव्ह तयार ठेवा. आणि जी नोंद पुन्हा घेता येणार नाही तिच्या तीन प्रती हव्यात, त्यातली एक तुमच्या खोलीबाहेर.

त्याचं प्रगती अहवालाचं सादरीकरण ठरल्या दिवशी झालं. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "या गावांत पाणीपातळी खाली गेली ती उसामुळे, असं तुम्ही म्हणता. वर्षांचा क्रम तपासला का?"

त्याने तपासला नव्हता. "तपासतो सर," असं म्हणून वहीत लिहून घेतलं. संध्याकाळी फोनवर मला म्हणाला, "ताई, ९:५२ अन् १०:३१ आठवलं बघा."